चार मिनिटं अकरा सेकंद

चुकीची वेळ दाखवणारं घड्याळ दिसलं की माझे हात शिवशिवतात. कुणाकडे चहाला गेलो तरी आधी भिंतीकडे बघतो. बायको म्हणते, तुम्हाला कुठे न्यायची सोय नाही. तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतोय, खोड जाणार कशी? त्या दिवशी मात्र ती माझ्या पोरीच्या मुळावर येणार होती.

पोरीची सागरी अकादमीत मुलाखत होती, अकरा वाजता. लेखी परीक्षेत पहिल्या दहांत आली होती, आता एवढंच उरलं होतं. त्याआधी सकाळी मुलांना आणि पालकांना अकादमी दाखवायला खुद्द प्राचार्य आले. पांढराशुभ्र गणवेश, खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या. सगळे त्यांना कॅप्टनच म्हणत होते. मुलाखतही तेच घेणार होते.

"ही इमारत फार नंतरची," ते म्हणाले. "सुरुवात झाली एका जुन्या जहाजावर. बावीस मुलं, दोन शिक्षक. वर्ग डेकवर भरायचा. वादळ आलं की तास सुटायचा नाही, उलट तेव्हाच सुरू व्हायचा."

ते जहाज कधीच मोडीत निघालं. त्याची घंटा, सुकाणूचं चाक आणि क्रोनोमीटर तेवढं मागे राहिलं. क्रोनोमीटर म्हणजे जहाजाचं घड्याळ. लाकडी पेटीत पितळी कड्यांवर टांगलेलं, पेटी कशीही कलंडली तरी तबकडी सपाटच. आयुष्यभर ज्याची फक्त चित्रं पाहिली ते समोर टिकटिकत होतं, आणि खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी हातानं घासून एवढंसं यंत्र बनवलं आणि जमिनीचा ठिपकाही दिसत नसताना माणसं त्याच्या वेळेवरून गणित मांडून सांगायची, आपण इथे आहोत!

कॅप्टननी आमच्यासमोर त्याला चावी दिली. रोज सकाळी आठ वाजता, साडेसात फेरे, एकही कमी नाही की जास्त नाही. एरवी कॅडेटांची पाळी असते म्हणे. मग चावी पेटीतच ठेवून ते सगळ्यांना अभ्यासक्रम समजवायला शेजारच्या दालनात घेऊन गेले. नॉटिकल सायन्सची पदवी तीन वर्षांची, जहाज चालवणाऱ्यांसाठी. मरीन इंजिनिअरिंगची चार, जहाजाच्या पोटात उतरणाऱ्यांसाठी. जहाजं बांधायला शिकवणारीही एक. पोरीला पहिलीच हवी होती. हे सगळं मला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं, कारण माझे पाय पेटीपाशी खिळले होते.

घड्याळ चार मिनिटं अकरा सेकंद मागे होतं! ते मुद्दाम ग्रीनविचच्या वेळेवर, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे ठेवतात, हे पोरीनं सांगितलं होतं. पण वर ही चार मिनिटं? एवढी देखणी वस्तू आणि तिचे हे हाल? मी काच फिरवून काढली, चावी लावली, मिनिटकाटा अलगद चार मिनिटं पुढे नेला आणि काच बसवली. सेकंदकाट्याला हात लावायची सोय नव्हती. म्हटलं, तेवढीच आपल्या हातून सेवा.

पोरगी मला शोधत आली. मी छाती फुगवून सांगितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"अहो बाबा, हे कुणीच जुळवत नाही! जेवढं मागे असेल तेवढं रोज वहीत लिहायचं आणि गणितात धरायचं. काटे हलवले की मागच्या नोंदींशी मेळच राहत नाही."

"मग आता?"

"आता कॅप्टनना सांगायचं."

"मुलाखत होऊ दे आधी. तुझं वर्ष..."

"आणि उद्या सकाळी कुणी चुकीचं लिहिलं तर?" ती निघालीच. मी तिला दंडाला धरून थांबवलं. माती मी खाल्ली होती, तोंड तिनं का दाखवायचं?

मीच जाऊन सांगितलं. कॅप्टन ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "नऊ वर्षं," ते म्हणाले. "मागच्या सफाईपासून काट्यांना कुणी बोट लावलं नव्हतं. किती हलवलंत?"

"चार मिनिटं, पुढे."

"नक्की?"

"सर, गाढवपणा केला, पण मोजून केला."

त्यांच्या मिशा जराशा हलल्या. त्यांनी कपाटातून वही काढली. मागे तसल्याच वह्यांची रांग होती, थेट जहाजापासूनची. तारीख, घड्याळ किती मागे, सही. पानामागून पान, रोज एक चूक आणि तिच्याखाली कुणातरी पोराचं नाव. मी हजारो घड्याळं बरोबर करून दिली असतील. इथे इतकी वर्षं लोक चूक मोजत होते, लपवत नव्हते, आणि तिच्याच जोरावर समुद्र ओलांडत होते. माझ्या अंगावर काटा आला.

कॅप्टननी लिहिलं, 'काटे चार मिनिटं पुढे नेले.' मग पेन माझ्यापुढे धरलं. "सही करा."

मी सही केली. पोरगी शेजारी ताठ उभी होती.

मुलाखतीत तिला काय विचारलं ते तिनं अजून सांगितलेलं नाही. यादीत नाव मात्र आलं.

तीन महिन्यांनी दुकानात फोन वाजला. "बाबा, आज चावी द्यायची पाळी माझी होती."

"किती मागे?"

"अठरा सेकंद. आणि तुमची चार मिनिटं."

"ती अजून लिहितात?"

"रोज. पुढची सफाई होईपर्यंत लिहिणार. आज माझ्या सहीच्या वर आहेत."

मी फोन ठेवला. समोर भिंतीवरचं घड्याळ अर्धं मिनिट पुढे होतं. मी त्याला हात लावला नाही. एक कागद घेतला, तारीख घातली आणि लिहून ठेवलं.