तारामतीचं पारायण

मी फोनो बोलतोय. चावीचा, पितळी कर्ण्याचा. आवाज मोठा वाटला तर वाटू दे. माझ्यात आवाज कमी करायची खुंटी बसवलेलीच नाही. वाजलो तर पूर्ण वाजतो, नाहीतर गप्प बसतो. एवढ्या एका गोष्टीवरून जयपूरच्या बनीपार्कातल्या एका सभ्य मराठी घरात केवढं रामायण झालं, ते आज मला सांगायचं आहे.

माझे पहिले मालक मिरजेचे नाना वकील. गाणाऱ्यांमध्ये त्यांचं दैवत एकच, तारामती शिरोळकर. तिची नवी तबकडी आली असं कानावर पडलं की नानांचा टांगा कोर्टातून घरी न येता थेट दुकानाशी उभा राही. असा तबकड्यांनी एक पेटारा भरला. पुढे लेकीच्या, सुनंदाच्या, लग्नात त्यांनी मला आणि त्या पेटाऱ्याला रुखवतात मांडलं. शेवया, साटोऱ्या आणि रंगीत करंज्यांच्या ओळीत मी कर्णा वर करून ऐटीत बसलो होतो. माझ्यावर झाकायला सुनंदानं स्वतः भरलेला रुमाल होता. कोपऱ्यात लाल दोऱ्यानं तिचं नाव.

त्याच दिवशी ताटातल्या तांदळांत अंगठीनं तिचं दुसरं नाव लिहिलं गेलं, रत्नप्रभा. लोकांनी पेढे खाल्ले. मला तो प्रकार तेव्हाही पटला नव्हता. मी इतकी घरं फिरलो, पण माझ्या अंगावरचा कारखान्याचा शिक्का कोणी खरवडून काढला नाही. म्हणून मी तिला सुनंदाच म्हणणार. सासरी तर रत्नप्रभाही कोणी म्हणत नसे. सासूबाईंची ती सूनबाई आणि नवऱ्याची ‘अगं ऐकलंस का’.

नवरा म्हणजे वसंतराव, विम्याच्या कचेरीत अधिकारी. माणूस वाईट नाही, पण चारचौघांत बायकोची चेष्टा केल्याशिवाय त्यांना पान पचत नसे. त्यांची जयपूरला बदली झाली तेव्हा मला गोधड्यांत गुंडाळून आगगाडीत चढवलं. वाटभर माझ्या कर्ण्यात आक्काबाईंची, म्हणजे सासूबाईंची, मेतकुटाची पुरचुंडी कोंबलेली होती. जयपुरात मेतकूट मिळणार नाही याची त्यांना खात्री होती. कितीतरी दिवस मी गायलो की घरभर मेतकुटाचा वास येई.

इथली धूळ बारीक. आंधी आली की तबकडीच्या रेघांत जाऊन बसते. मे महिन्यात तबकडी खिडकीशी विसरली तर पापडासारखी वाकते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती माणसांच्या एका खोडीबद्दल. ‘तारामती म्हणजे जीव की प्राण’ असं म्हणायचं आणि आख्ख्या पेटाऱ्यातल्या त्याच चार तबकड्या लावायच्या! त्या बिचाऱ्या झिजून करड्या पडल्या आणि बाकीच्या काळ्या कुळकुळीत राहिल्या. नाना असेच होते. लेकही तशीच निघाली.

एका भाद्रपदात इथल्या मराठी मंडळींनी गणपतीच्या मांडवात गाण्यासाठी मला नेलं. आरती झाल्यावर वसंतराव सगळ्यांदेखत म्हणाले, “आमच्या हिची तारामती म्हणजे एकच रडगाणं. एक तबकडी ऐका, सगळ्या ऐकल्यासारख्या.”

“तुम्ही ऐकल्यात सगळ्या?” सुनंदानं विचारलं.

“तू तरी ऐकल्यास का?”

मंडळी हसली. सुनंदानं खरंच ऐकल्या नव्हत्या. तिचे कान लाल झालेले मी पाहिले. परतताना टांग्यात वसंतरावांनी आणखी एक बातमी दिली. दसऱ्याला घरात रेडिओ येणार होता. चौड्या रस्त्यावरचा दुकानदार बदल्यात मला आणि पेटाऱ्याला उचलून नेणार होता.

दुसऱ्या दिवशी सुनंदानं पेटारा उघडला. मलमलीच्या फडक्यानं एकेक तबकडी पुसली आणि मधल्या कागदावरचे नंबर बघून सगळ्या क्रमानं लावल्या. मग तिनं घरात सांगून टाकलं, “मी नवरात्रात तारामतीचं पारायण करणार आहे. पहिल्या तबकडीपासून शेवटच्यापर्यंत.”

आक्काबाईंच्या हातातली वात तशीच राहिली. “पारायण पोथीचं करतात, सूनबाई. गाणाऱ्या बाईच्या ताटल्यांचं नव्हे. लोक काय म्हणतील?”

“लोकांपुढेच मला विचारलंय ना, ऐकल्यास का म्हणून? आता ऐकते.”

तिनं नियमही पोथीचेच घेतले. क्रम मोडायचा नाही. कंटाळा आला म्हणून गाळायचं नाही, गोड वाटलं म्हणून परत लावायचं नाही. तबकडी संपेपर्यंत उठायचं नाही. सकाळी घटाला माळ चढली की आक्काबाईंची देवीची पोथी आणि दुपारी स्वयंपाकघर आवरलं की माझी.

पहिल्या तबकड्यांतली तारामती कोवळी पोर होती. तबकडी संपण्याआधी गाणं संपवायचं म्हणून अशी पळे की ताना एकमेकींवर आपटत. आणि शेवटी दम न घेता ओरडे, “मी तारामती शिरोळकर!” त्या काळी तबकड्या परदेशात छापून येत आणि तिथल्या लोकांना गाणं कोणाचं ते कळावं म्हणून नाव सांगायची रीत होती, असं नाना सांगायचे. सुनंदा पहिल्यांदा ते ऐकून दचकली, मग हसली. पुढे ती गाणं संपायच्या आधीच नावाची वाट बघू लागली.

एका दुपारी वसंतराव कचेरीतल्या साहेबांना घेऊन अचानक घरी आले. “आवाज कमी कर.”

“याचा आवाज कमी होत नाही.”

वसंतरावांनी दोरीवरचा पंचा ओढला आणि माझ्या कर्ण्यात कोंबला. मेतकूट मी सोसलं होतं, पण तेव्हा मी मुका होतो. गाता गाता कोणी तोंडात बोळा घातला तर कसं वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं. मी थांबलो नाही. सुनंदाही उठली नाही. पाहुण्यांच्या चहाला आक्काबाई उठल्या आणि ही माझ्या कर्ण्याला कान लावून तबकडी संपेपर्यंत बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं पंचा काढला, धुतला, दोरीवर वाळत घातला आणि तीच बाजू पुन्हा लावली. “हे परत ऐकणं नव्हे,” ती मला म्हणाली. “काल ऐकूच दिलं नव्हतं.” भिंतीपलीकडून शेखावतबाईंनी हाक दिली, “भाभीजी, कल इसका गला क्यों बैठ गया था? हम तो इसी पे रोटी बेलते हैं!”

नंतरच्या तबकड्यांत नाव सांगणं बंद झालं. ते आता कागदावर छापून येऊ लागलं होतं. आवाज भरला, घाई गेली. आणि मग आल्या त्या पेटाऱ्याच्या तळच्या तबकड्या, ज्यांना नानांनीसुद्धा आणल्यावर फारसा हात लावला नव्हता. खरं सांगतो, वाईट होत्या. भाड्याच्या कपड्यांत उभी राहिल्यासारखी गात होती तारामती. सुनंदाचा चेहरा उतरला, पण तिनं एकही गाळली नाही.

दाराशी वाती वळत बसलेल्या आक्काबाईंना राहवेना. “ही परवाचीच का गं?”

“तीच.”

“मग अशी का गातेय? जीव नाही गाण्यात.”

“दुसऱ्या कोणाची तरी नक्कल करतेय, आई.”

“पुढे सुधारते का?”

“मला काय ठाऊक? पुढची उद्या.”

दुसऱ्या दिवशी मला चावी द्यायच्या आधीच आक्काबाई पाट घेऊन बसल्या होत्या.

सुधारली. कशी सुधारली म्हणता! आवाजाला चीर गेली होती, वरचा सूर पोचत नव्हता. तर बाई वर गेलीच नाही. खालीच राहून असं काही गायली की आक्काबाईंच्या वाती तशाच राहिल्या. त्या पडेल तबकड्या गाळल्या असत्या, तर हिनं काय टाकलं आणि काय राखलं ते कोणाला कळलं असतं? चार आवडती गाणी लावणाऱ्यांनो, तुम्हालाच विचारतोय.

दसरा उजाडला. आपट्याच्या जागी कचनारची पानं आली. झेंडूचं तोरण लागलं. शेवटची तबकडी सुनंदानं मुद्दाम सणाच्या सकाळी लावली आणि तेवढ्यात दुकानाची हातगाडी फाटकात आली. वसंतराव म्हणाले, “पुरे आता. माणूस खोळंबलाय.”

“खोळंबू दे.”

वसंतराव दोरीवरच्या पंच्याकडे गेले. आक्काबाई पाटावरूनच कडाडल्या, “वसंता! पारायण मध्येच मोडायचं नसतं. बस खाली.”

ते बसले. गाडीवालाही पायरीवर टेकला. मी गायलो. जुनी पिन, सैल पडलेली स्प्रिंग, तरी सगळा जीव ओतून गायलो. गाणं संपलं, नुसती खरखर उरली. वसंतरावांनी पिन उचलायला हात पुढे केला. सुनंदानं त्यांचं मनगट धरलं.

“अजून संपली नाही.”

खरखर चालू राहिली. आणि मग, आता कोणी विचारत नसताना, कागदावर ठसठशीत छापलेलं असताना, ती चिरकी, थकलेली बाई सावकाश म्हणाली, “मी तारामती शिरोळकर.”

तबकडी थांबली. मग सुनंदा उठली. रुखवतातला रुमाल तिनं पेटीतून काढला, माझ्यावर घातला आणि लाल दोऱ्याचा कोपरा वसंतरावांसमोर केला.

“मी सुनंदा,” ती म्हणाली. “मी सगळ्या ऐकल्या आहेत. आता विचारा मांडवात.” आणि गाडीवाल्याकडे वळून, “भैया, गाडी वापस ले जाओ. ये नहीं जाएगा.”

रेडिओ वसंतरावांनी पुढे रोख पैसे मोजून आणला. त्याला आवाज कमी करायची खुंटी आहे आणि ती दिवसभर पिळली जाते. सुनंदा म्हणायला त्यांना दिवाळी उजाडली. पहिल्यांदा म्हणताना त्यांची जीभ अडखळली, आक्काबाईंची मात्र नाही.

आता साठ साल मागे पडलं. घरात ट्रान्झिस्टरही आलाय. माझ्या पिना बाजारात मिळत नाहीत, चावी दिली तर स्प्रिंग मध्येच सुटते. मी कोपऱ्यात असतो, रुमालाखाली. माझी कीव करू नका, ती मला सोसत नाही. करायचंच असेल तर एवढं करा. ज्याचं गाणं आवडतं म्हणता, त्याचं सगळं ऐका, पडलेलंही. आणि कोणी गात असेल तर त्याच्या तोंडात पंचा कोंबू नका.

कोणी विचारो न विचारो, शेवटी नाव सांगायची आमची जुनी रीत आहे. मी सुनंदाचा फोनो.