सतरा मिनिटं

जेवणाचं टेबल खिडकीकडे ओढून त्याच्यामागे तीन खुर्च्या मांडल्या की घरात मुलाखत सुरू व्हायची. मधल्या खुर्चीत वहिनीचा नवरा, उजवीकडे तिच्या सासूबाई, आणि डावी खुर्ची जिची पाळी नसेल तिची. समोरच्या स्टुलावर एकदा वहिनी बसायची, एकदा तिची नणंद ठमी. दोघी एकाच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ होत्या, दोघीही कंत्राटी. ठमी तिथेही तिला वहिनी म्हणायची, त्यामुळे हळूहळू सगळ्या लॅबची ती वहिनी झाली होती.

कायमची जागा एकच निघाली होती. ठमी एकतीस वर्षांची होती, तिला पुढे आणखी संधी होत्या. वहिनीला दोन महिन्यांनी पंचेचाळीस पूर्ण होणार होती. त्यानंतर तिला अर्जसुद्धा करता आला नसता.

"तुमची कमजोरी सांगा," नवऱ्यानं अध्यक्षाचा आवाज काढला.

"मी फार बारकाईनं काम करते, त्यामुळे कधीकधी वेळ लागतो."

"हा तर गुण झाला," सासूबाई म्हणाल्या. "खरी कमजोरी मी सांगते. गॅस बंद केला का हे बघायला जिन्यातून तीनदा परत येते."

"आई, तू पॅनेलवर आहेस. उणीदुणी काढायला नाही बसलीस."

"मग पॅनेल दुसरं काय करतं रे?"

ठमी हसून हसून खुर्चीतून घसरली. पण 'तुमच्या हातून झालेली एक चूक सांगा' हा प्रश्न आला की तिचं हसू मावळायचं. "माझ्या तीन चुका आहेत, आणि तिन्ही सांगितल्या तर मला दारातूनच परत पाठवतील," ती म्हणायची.

वहिनीकडे मात्र एक तयार होती. चार वर्षांपूर्वी एका दुपारी वॉर्डातून रक्ताचा नमुना आला. पोटॅशियम नऊ पॉइंट आठ, कॅल्शियम जवळजवळ शून्य. असे आकडे असलेला माणूस अंथरुणात बसून नर्सशी वाद घालू शकत नाही, आणि हा पेशंट तर घालत होता. नर्सला रक्त कमी पडलं, म्हणून तिनं जांभळ्या टोपणाच्या नळीतलं रक्त दुसऱ्या नळीत ओतलं होतं. जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जे औषध असतं, त्यातच पोटॅशियम असतं, आणि तेच औषध कॅल्शियम बांधून ठेवतं; म्हणजे आकडे खोटे होते. वहिनी सांगायची, की रिपोर्टवर सही करायला पेन टेकवलं होतं, आकडे नीट न बघताच. पण शेवटच्या क्षणी हात थांबला, आणि तिनं नमुना पुन्हा मागवला.

"वहिनी, ही मला दे ना," एका संध्याकाळी ठमी म्हणाली.

"घे. सरावापुरती."

ठमीनं ती अशी सांगितली की सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "हिच्या तोंडून जास्त खरी वाटते," त्या म्हणाल्या. वहिनीही हसली होती.

मुलाखतीच्या दिवशी अकरा उमेदवार होते. सकाळी लेखी परीक्षा, मग सूक्ष्मदर्शकाखाली पाच काचांवरचे नमुने ओळखायचे, मग एकेकाला पॅनेलपुढे बोलावणं. ठमीचा क्रमांक तिसरा, वहिनीचा शेवटचा. ठमी बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

"कशी झाली?"

"बरी झाली. पाणी पिऊन येते," असं म्हणून ती गेली, आणि परत येऊन दोन खुर्च्या सोडून बसली. वहिनीला वाटलं, दमली असेल.

पाच वाजून गेल्यावर आतून हाक आली. पॅनेलवर पाच जण होते. अध्यक्ष म्हणजे एक वयस्कर डॉक्टर, त्यांच्या शेजारी चष्मा कपाळावर चढवलेल्या एक बाई. सगळ्यांपुढे थंड झालेल्या चहाचे कप होते. यंत्रांचे प्रश्न झाले, नोंदींचे झाले. मग बाईंनी तो प्रश्न विचारला.

"चार वर्षांपूर्वी एका दुपारी," वहिनीनं सुरुवात केली, "वॉर्डातून एक नमुना आला. पोटॅशियम नऊ पॉइंट आठ होतं आणि..."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं.

"आणि कॅल्शियम जवळजवळ शून्य," अध्यक्ष म्हणाले. "पेन टेकवलं होतं, पण हात थांबला. आज हे आम्ही दुसऱ्यांदा ऐकतोय, बाई. शब्दसुद्धा तेच आहेत. नक्की कोणाच्या हातून झालं हे?"

वहिनीला आधी ठमीचे लाल कान आठवले. मग तिच्या लक्षात आलं, की 'माझ्या हातून' एवढं म्हणून भागणार नाही. ते तर ठमीही म्हणाली असणार. ही गोष्ट तिचीच आहे हे ठरणार होतं फक्त त्या भागावरून, जो तिनं आजवर कोणालाच सांगितला नव्हता. तो ठमीला देता आला नव्हता, कारण तिनं तो स्वतःलाही नीटसा सांगितला नव्हता.

"हात थांबला नव्हता," ती म्हणाली. "मी सही केली. रिपोर्ट वॉर्डात गेला. पोटॅशियम उतरवायला त्यांनी इन्शुलिन आणि ग्लुकोजची सलाईन लावली. पुढच्या नमुन्याचं कॅल्शियम बघताना आधीचं आठवलं, आणि मी फोन केला. मध्ये सतरा मिनिटं गेली. त्यांनी सलाईन थांबवली. त्याचं पोटॅशियम मुळात ठीक होतं, ते खाली घसरलं. दोन दिवस त्याला देखरेखीखाली ठेवावं लागलं. तो सुखरूप घरी गेला. रजिस्टरमध्ये मी 'नमुना पुन्हा मागवला' एवढंच लिहिलं. सही माझी आहे, तुम्ही बघू शकता."

अध्यक्षांनी कप बाजूला सरकवला.

"आणि हेच सांगून गेलेल्या आधीच्या उमेदवार? त्या त्या दिवशी कुठे होत्या?"

'माहीत नाही' म्हणता आलं असतं. चार वर्षं झालेली, कोणाला आठवणार? पण तिला आठवत होतं.

"रजेवर," ती म्हणाली. "पण सरावात ही गोष्ट तिला मीच दिली होती. तीही सुधारून दिलेली."

यादी सहा वाजता दाराला लागली. तिच्यावर एकच क्रमांक होता, अकरा. वहिनीनं तो दोनदा वाचला. मागे ठमी उभी होती.

"मी रजेवर होते, हेही सांगितलंस?"

"हो. त्यांनी विचारलं."

"मला ऐन वेळी दुसरं काही सुचलंच नाही गं."

"मला कळलं ते."

"आणि तू सही केली होतीस, हे कधी बोलली नाहीस. मला खोटी चूक दिलीस."

बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. ठमी आपल्या फायलीतली प्रमाणपत्रं काढून, एकसारखी करून, पुन्हा आत सरकवत राहिली.

दार सासूबाईंनी उघडलं. नवरा त्यांच्या मागे उभा होता. सासूबाईंनी आधी सुनेकडे पाहिलं, मग लेकीकडे, मग परत सुनेकडे, आणि कोणाला विचारावं हे त्यांना कळेना.

"वहिनीचं झालं," ठमी म्हणाली. तिनं चपला काढल्या, त्या जोडीनं भिंतीशी लावल्या, आणि कोणाकडेही न बघता आत गेली.