बोंडं लावणारा शिक्का

"मामू, बंद करून चालू केलं काय?"

"चारदा केलं! आता मीच बंद पडतो का काय," युसूफ फोनवर ओरडला.

नांदुऱ्याला स्टेशन रोडवर आमचं एकच दुकान. अर्ध्यात माझी झेरॉक्स, अर्ध्यात युसूफचे फ्लेक्स. एरवी हा माणूस गरीब गाय, पण डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं अपडेट आलं की त्याच्या वाऱ्याला उभं राहू नये. या खेपेला अपडेटनं त्याचा शिक्काच गिळला. शिक्का म्हणजे चित्रातला एक तुकडा उचलून दुसरीकडे उमटवायचं साधन. नवरदेवाची चेन तिपदरी करायची, पुढाऱ्याच्या टकलावर केस पेरायचे, आणि दर उन्हाळ्यात भगवानरावांच्या बियाण्याच्या बॅनरवर कपाशीला बोंडं लावायची, सगळं त्या शिक्क्यावर. बिचाऱ्याचं पोटच त्यावर होतं.

"काऊन बे युसूफ, एक झाड भराले दिवस लागते काय?" भगवानराव खुर्चीत चुळबुळत म्हणाले. "उद्या बाजार हाय. बॅनर आजच चौकात लागला पाह्यजे."

त्यांच्या शेजारी उकंडराव टोपी मांडीवर ठेवून बसले होते. स्क्रीनवरही तेच होते, दिवाळीत आपल्या कपाशीजवळ उभे. झाडाला बोंडं मोजून नऊ.

मागच्या साली बॅनरवर हेच उकंडराव झळकले होते. तेव्हा युसूफनं झाड बोंडांनी असं लादलं होतं की खरं असतं तर मोडून पडलं असतं. उकंडरावांचं तोंड पाहून त्यांच्या अर्ध्या गावानं तीच बीटी बियाण्याची पाकिटं नेली आणि घरोघरच्या कपाशीत गुलाबी अळी निघाली. आता पारावर ते गेले की माणसं उठून जातात. तरी आज भगवानरावांनी स्कूटरवर बसवलं आणि हे बसले. नाही म्हणणं या माणसाला जन्मात जमलं नाही. मला तर त्यांचा रागच आला.

इकडे बुलढाण्याहून भाचा अल्तमश फोनवर उपाय सांगत होता. ब्रशचा आकार वाढव, साठलेल्या फायली पूस, सॉफ्टवेअर काढून परत टाक. युसूफनं माऊसवर फुंकरसुद्धा मारली. त्या माऊसचा काय गुन्हा, देव जाणे.

"मामू, शिक्का कोणत्या थरावरून उचलून राह्यला, पाहा ना."

पाहिलं. सॉफ्टवेअरमध्ये चित्र काचांसारख्या एकावर एक थरांत असतं, आणि अपडेटनं ते सेटिंग बदलून ठेवलं होतं. फोटो खालच्या थरावर आणि शिक्का वरच्या रिकाम्या थरावरून उचलत होता. रिकाम्यातून उचललं तर उमटणार काय, कपाळ!

"जम्या रे!" युसूफनं सेटिंग खालच्या थरावर आणून आनंदात दाबलं आणि पहिलंच बोंड उकंडरावांच्या खांद्यावर फुटलं. मी खो-खो हसलो. उकंडरावही हसले. भगवानराव तेवढ्यात फोन घ्यायला बाहेर गेले होते.

हसता हसता उकंडराव थांबले. "युसूफभाई, पुसून टाक ते. झाडाले बी लावू नको. माहं तोंड हाय ना तिथं. मले त्याच गावात राहाचं हाय."

युसूफनं खांद्यावरचं बोंड पुसलं. मग त्यानं हळूच ते सेटिंग होतं तसं रिकाम्या थरावर नेलं.

"झालं काय?" भगवानराव आत आले.

"नाही शेठ. अपडेटनं पार वाट लावली. हे पाहा." युसूफनं खटाखट दाबून दाखवलं. एक बोंड उमटेल तर शपथ.

भगवानराव जाम तापले. "नऊ बोंडाचं झाड पाहून कोन घेईन माहं बियानं? काढून टाक ह्या मानसाले!" शेवटी इंटरनेटवरचा एक शेतकरी घेतला, दात पांढरेशुभ्र, डोक्यावर गवती हॅट, मागं बोंडंच बोंडं. पुढच्या हंगामापासून ते दुसऱ्या दुकानात जातील हे युसूफलाही कळत होतं आणि मलाही.

संध्याकाळी युसूफनं आणि मी चौकात बॅनर लावला. बसला निघालेले उकंडराव त्याच्याखाली थांबले.

"हा कोन्या गावचा?"

"काय माहीत, भाऊ," मी म्हणालो.

"बरं हाय," ते म्हणाले. "याले कोनी ओयखत नाही."

टोपी झटकून त्यांनी डोक्यावर नीट बसवली आणि ते स्टँडकडे चालू लागले.