पुसलेली खालची बाजू

धाकटीला घरात सगळे 'प्रोफेसरबाई' म्हणून चिडवायचे, आणि तिलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोला! प्रयोगशाळेत तिचं काम एकच: कर्करोगाच्या पेशी शेजारी कशा घुसतात ते पाहायचं. बोटाएवढा कप, तळाला बारीक भोकांचा पडदा, त्यावर जेलीचा थर. वर पेशी सोडायच्या. ज्या घुसखोर, त्या जेली पोखरून पडद्याच्या खालच्या बाजूला येतात. मग जांभळा रंग द्यायचा, वरची बाजू कापसाच्या काडीने पुसायची आणि खालच्या मोजायच्या.

पेशीला जेली विरघळवायचा हुकूम देणारं एक जनुक तिने बंद केलं, आणि खाली एकही पेशी नाही! तिने लगेच ताईला फोन लावला. "ताई, सापडलं गं! घुसायचा रस्ताच बंद होतो."

ताईच्या स्तनात कर्करोगाची गाठ होती, ऑपरेशनची तारीखही ठरलेली. ती तिने पुढे ढकलली. "आपल्याच घरात औषध निघतंय, मग कापाकापी कशाला?" तेव्हा धाकटीने "अगं वेडे, तसं नसतं" म्हणायला हवं होतं. नाही म्हणाली. कौतुक गोड लागत होतं मेलं!

दोन महिन्यांनी ती तोच प्रयोग पुन्हा करत असताना शेजारच्या टेबलावरचे तंत्रज्ञकाका थबकले.

"अहो, खालून का पुसताय?"

"डाग आहेत थोडे."

"डाग कसले? पेशी आहेत त्या!"

तिने काडी खाली ठेवली. जनुक बंद केलेल्या या कपांखाली काही असणारच नाही, हे तिने आधीच ठरवून टाकलं होतं. म्हणून जांभळं दिसलं की तिला घाण वाटायची, आणि ती पुसायची. तुलनेसाठी ठेवलेल्या, जनुक चालू असलेल्या कपांना मात्र खालून कधी काडी लावली नव्हती. काकांकडे मान वर करून बघायची तिला लाज वाटली.

ती तडक ताईकडे गेली. ताई इस्त्री करत होती.

"माझं चुकलं गं. काहीच सापडलेलं नाही. उद्याच्या उद्या तारीख घे."

ताईने इस्त्री बंद केली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मी जाईन गं," ताई म्हणाली. "पण तपासणीच्या रांगेत माझ्या शेजारी एक बाई बसायची. घाबरली होती बिचारी. तिलाही मी तुझ्या औषधाचं सांगून घरी पाठवलं. आता तिला कुठं शोधू? नावसुद्धा विचारलं नाही मी."