वरठीचा नंबर पहिला

दामिनी गभनेचं काम सांगायला सोपं होतं. लोकांच्या दारात जायचं, ओट्यावर बसायचं आणि विचारायचं, तुमचं बरं चाललंय का? नागपुरातल्या तिच्या संस्थेनं मात्र या एका प्रश्नाचे पुष्कळ प्रश्न केले होते. काल झोप लागली का, काल हसलात का, पाणी किती लांबून आणता, दवाखाना जवळ आहे का, अडीनडीला धावून येईल असं कोणी आहे का. भंडारा जिल्ह्यातली तीन ठिकाणं त्यासाठी निवडली होती. वरठी म्हणजे कारखान्याची वस्ती, मोहाडी म्हणजे तालुक्याचं लहानसं गाव, आणि पवनीकडचं आसगाव म्हणजे निव्वळ धानाचं गाव. तिन्हीकडच्या माणसांचं समाधान एकाच मापानं मोजायचं आणि शेजारी शेजारी मांडून पाहायचं. दामिनी त्यात तरबेज होती. कोणतं गाव कशात पुढे, कशात मागे, हे तिला तोंडपाठ असायचं.

वरठी तर तिचं माहेरच. तिचे वडील तुलाराम यांनी कारखान्यात उमर काढली आणि तिथंच दोन खोल्यांचं घर बांधलं. मूळ गाव आसगाव. तिथली बांधी-बोडी, म्हणजे धानाची खाचरं आणि शेततळं, धाकटे काका पुंडलिकराव सांभाळत.

आई गेली आणि पुढच्याच वर्षी बाबा निवृत्त झाले. तेव्हा ते म्हणाले होते, "आता आसगावले जातो. पुंडलिक बलावून राहिला."

दामिनी खास सुट्टी काढून आली होती. तिनं बाबांपुढे बसून दोन्ही गावं मांडली. आसगावात छातीत दुखलं तर पवनीपर्यंत गाडी शोधत फिरावं लागेल. इथं दवाखाना जवळ, नळ दारात, आणि स्टेशन एवढं जवळ की नागपूरहून गाडीत बसलं की तासाभरात ती बाबांच्या पुढ्यात. "दर पंधरवड्याला येईन मी," ती म्हणाली होती.

तुलाराम ऐकत राहिले. लेक शिकलेली, तिचं बोलणं मुद्देसूद. शेवटी म्हणाले, "ठीक हाये. तू म्हनते तं तसंच करू."

सुरुवातीला ती खरंच पंधरवड्याला आली. मग महिन्यानं येऊ लागली. मग कामात बढती मिळाली, लांबचे जिल्हे आले, आणि वरठीचं घर दिवाळीपुरतं उरलं. फोन मात्र चुकायचा नाही. "कसे आहात?" विचारलं की बाबा म्हणायचे, "बढिया." तिला ते पुरायचं.

मार्गशीर्षात पाहणी वरठीत आली. कोणती घरं घ्यायची ते संगणक निवडायचा, आणि त्यानं नेमकं तुलारामांचं घर निवडलं. घरच्या माणसानं घरच्याला प्रश्न विचारायचे नाहीत असा नियम होता. म्हणून दामिनीनं तिच्या हाताखालच्या भूपेंद्रला पुढे केलं आणि स्वतः दाराशी उभी राहिली. भूपेंद्र मोहाडीचा. बोलायला गोड.

"काका, थोडेसे प्रश्न हायेत. उत्तर द्याल ना?"

तुलारामांनी त्याच्याकडं पाहिलं, मग दारातल्या लेकीकडं. "हे माई पोरगी उभी हाये ना. तिले विचारू दे."

"नाही जमत काका. घरच्यानं घरच्याले विचारलं तं ते मोजत नाहीत."

"मंग मायं घर सोडून दे."

भूपेंद्रनं दामिनीकडं पाहिलं. कोणी नकार दिला तर शेजारचं घर घ्यायचं, हाही नियमच होता. दामिनीनं मान हलवली आणि तो शेजारी गेला.

तुलारामांनी खुर्ची सरकवली. "बस. आता तू विचार."

"बाबा, आता काय उपयोग? तुमचं घर वगळलं ना आम्ही."

"उपयोगाचं कोठी म्हनून राहिलो मी? साऱ्या गल्लीले विचारून राहिली तू. मले कधी विचारलं?"

दामिनी हसली. गंमत म्हणून बसली. टॅब बंद करून मांडीवर ठेवला. प्रश्न तोंडपाठच होते.

"काल झोप लागली का?"

"पहाटे लागली थोडी."

"काल हसलात का?"

तुलारामांनी खरोखर आठवून पाहिलं. त्यांना एवढा वेळ लागला की तिचं हसू तिच्याच चेहऱ्यावर अवघडलं. "नाही वाटत," ते म्हणाले.

"काल कोणाशी बोललात?"

"दूधवाल्याशी. अर्धा लिटर दे म्हटलं."

"आणखी?"

"तो म्हने, सुट्टे द्या."

पुढचा प्रश्न शिडीचा होता. समजा दहा पायऱ्यांची शिडी आहे. सगळ्यात वरची पायरी म्हणजे जगण्यातलं सगळ्यात चांगलं, खालची म्हणजे सगळ्यात वाईट. तुम्ही कोणत्या पायरीवर उभे आहात? हा प्रश्न तिनं आजवर किती जणांना विचारला होता याची गणती नव्हती. बाबांना विचारताना तिचा आवाज बारीक झाला.

"तिसरीवर," तुलाराम म्हणाले.

"काहीतरीच काय बाबा! पेन्शन आहे, घर आहे, तब्येत चांगली आहे."

"दुसऱ्यायच्या उत्तरावर असंच बोलतं का तू?"

 समोरच्याच्या उत्तराशी वाद घालायचा नाही, हे ती नव्या पोरांना पहिल्याच दिवशी शिकवायची.

"मंग काहून नाही सांगितलं मले?" ती म्हणाली. नागपुरात झाकून ठेवलेली बोली आपोआप तोंडात आली. "फोनवर तं बढिया म्हनता."

"फोनवर तू घाईत राहतं." बाबांच्या आवाजात तक्रार नव्हती. "आसगावले गेलो असतो तं बरं झालं असतं, असं वाटते कधी कधी. सकाळी उठून तलावाच्या पाळीवर जाऊन बसलो असतो पुंडलिकसंगं. आता तोही नाही."

पुंडलिकराव गेल्या वैशाखात गेले होते. छातीत कळ आली, गाडी मिळाली, पण पवनी यायच्या आधीच सगळं आटोपलं.

"तुमीच तं हो म्हटलं होतं, बाबा."

"हो म्हटलं. तू मांडलं ते खोटं कोठी होतं? दवाखाना तिथं नाहीच. पुंडलिकचं पाहिलं ना आपन." ते लेकीकडं वळले. "पन तू येशीन म्हून राहिलो मी इथं. दवाखान्यासाठी नाही."

शेजारून भूपेंद्रचा आवाज येत होता. शेजारचे गृहस्थ मोठ्यानं, खुशीत सांगत होते, "लिहा आठ! आठवी पायरी!"

पुढच्या आठवड्यात आसगावचं काम होतं. दामिनी बाबांना सोबत घेऊन गेली. त्यांना गावात फिरवलं, चार ओळखीची माणसं भेटवली, तर काहीतरी भरून निघेल असं तिला वाटत होतं. तुलारामांनी इस्त्रीचा पायजमा घातला, टोपी घातली, भंडाऱ्याला उतरून पुंडलिकरावांच्या बायकोसाठी, रुखमाकाकूसाठी, संत्री घेतली. धान कापून झालं होतं. बांध्यांमध्ये लाखोरीचं कडधान्य हिरवंगार उगवलं होतं. खिडकीतून बाहेर बघताना बाबांचा चेहरा इतका उजळला होता की दामिनीला आधी बरं वाटलं आणि मग लगेच वाईट.

रुखमाकाकूनं भासऱ्याला, थोरल्या दिराला, पाहून पदर डोक्यावर ओढला. पाणी दिलं, चहा दिला, लाखोरीची भाजी आणि भात वाढला. चुलतभाऊ चंद्रकुमार शेतातून येऊन पाया पडला. जेवणं झाल्यावर तुलाराम अंगणात उभे राहून घर पाहत होते. गोठ्याच्या बाजूला एक नवी खोली दिसली. आत धानाची पोती आणि मोटरपंप ठेवला होता.

"हे कधी बांधलं?" त्यांनी विचारलं.

"हे तुमच्यासाठीच घातली होती ना भाऊजी," रुखमाकाकू म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं, ती आपली सहज सांगत होती. "तुमी रिटायर होनार म्हून त्यायनं खोली घातली, बाज विनून घेतली. दादा सकाळच्या उन्हात बसन, म्हने, म्हून दार इकडं ठेवलं. मंग दामिनीचा फोन आला, का तुमचं मन वरठीतच लागते, आग्रह नोका करू. त्यायले लय लागलं. म्हने, दादा आता शहराचा झाला."

दामिनीच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो फोन ती विसरूनही गेली होती. बाबा हो म्हणाल्यावर दुसऱ्या दिवशी, ऑफिसच्या जिन्यात उभं राहून, काकांना वाईट वाटू नये म्हणून तिनं तसं म्हटलं होतं. बाबांचं मन तिकडं आहे पण मीच नको म्हणाले, हे सांगणं अवघड होतं. बाबांना इथंच बरं वाटतं, हे सोपं होतं. विषय मिटला होता.

तुलारामांनी लेकीकडं पाहिलं नाही.

"हो," ते भावजयीला म्हणाले. "मीच म्हटलं होतं तिले, तसं सांग म्हून. तेव्हा नाही जमलं."

"तं आता राहा ना, मोठे बाबा," चंद्रकुमार म्हणाला. "पोते हटवतो मी. दोन दिवस लागतीन."

"राहा भाऊजी," रुखमाकाकूही म्हणाली, आणि मनापासूनच म्हणाली. पण पाहुण्याला राहा म्हणतात तसं म्हणाली. ते दामिनीच्याही ध्यानात आलं. तुलाराम म्हणाले, "येईन ना. निवांत येईन कधी."

संध्याकाळच्या बसला वेळ होता. बापलेक तलावाच्या पाळीवर जाऊन बसले. दोन म्हातारे तिथून गेले. त्यातल्या एकानं थांबून विचारलं, "कोनाकडचे पाव्हने?" तुलारामांनी वडिलांचं नाव सांगितलं तेव्हा त्याला ओळख पटली.

ते गेल्यावर तुलाराम म्हणाले, "पुंडलिक फोन उचले, पन कमी बोले. हो, नाही, बस. मले वाटे, वाटनीचं काही आलं असन त्याच्या मनात. मी म्हटलं, त्याच्या दारात जाऊन त्याले काहून अडचनीत टाकू? म्हून मी नाही आलो. आनि त्याले वाटलं का मीच शहराचा झालो."

"बाबा, मी..."

"राहू दे."

"मले वाटलं काकांना वाईट वाटू नये..."

"राहू दे, बेटा. तू काही वाईटासाठी नाही केलं."

ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते पाण्याकडं पाहत राहिले. अंधारू लागलं तशी ती उठली, हात दिला, आणि दोघं बसथांब्याकडं चालू लागले.

उन्हाळ्याच्या तोंडावर भंडाऱ्यात पाहणीचे निष्कर्ष सांगायची बैठक झाली. वरठी पहिली आली, मोहाडी दुसरी, आसगाव शेवटी. दामिनीनं पडद्यावर एकेक गोष्ट नीट समजावून सांगितली. आकड्यांत कुठंही गफलत नव्हती. आसगावात दवाखाना हवा, हे त्यातून स्पष्ट दिसत होतं, आणि ते खरंच होतं. काकांसाठी तरी ते व्हावं असं तिला वाटत होतं, म्हणून ती त्यावर जोर देऊन बोलली.

शेवटी ती म्हणाली, "जी घरं वगळली, त्यांचं काही यात येत नाही."

"अशी घरं किती होती?" समोरच्या साहेबांनी विचारलं.

"थोडीच."

"मग निष्कर्षात फरक पडणार नाही."

"नाही," दामिनी म्हणाली. "नाही पडणार."

टाळ्या झाल्या. चहा आला. भूपेंद्र म्हणाला, "मॅडम, आपल्या वरठीचा नंबर पहिला!" ती हो म्हणाली आणि कप हातात घेऊन खिडकीशी जाऊन उभी राहिली.

तेव्हापासून ती रविवारी वरठीला जाऊ लागली. बाबांना आवडायचं ते. पण इतक्या दिवसांची सवय मोडलेली, बोलायला विषय सापडायचे नाहीत. ती भाजी निवडायची, ते पेपर वाचायचे. दुपारी तेच तिला आठवण करून द्यायचे, "गाडीची वेळ झाली तुयी."

वैशाखात पुंडलिकरावांचं वर्षश्राद्ध आलं. तुलाराम या वेळी राहायचं म्हणून गेले. चंद्रकुमारनं पोती हलवून खोली झाडून घेतली, बाज टाकली. दामिनी त्यांना पोचवून नागपूरला परतली. महिनाभर तरी बाबा राहतील, तिकडंच रुळतील, अशी तिला आशा होती. आठवडाही झाला नाही तोच फोन आला. "घेऊन जाय मले."

"काय झालं बाबा? कोणी काही बोललं का?"

"कोनीच नाही बोललं. लय जीव लावतेत. रुखमा रोज विचारते, काय रांधू म्हून. पन ज्याच्यासंगं बसाले आलो होतो तो नाही ना इथं. मी तिथं बसून काय करू?"

ती दुसऱ्याच दिवशी गेली. परतीच्या बसमध्ये गर्दी नव्हती. ऊन होतं, खिडक्यांतून गरम वारा येत होता. अड्याळ मागं पडल्यावर तुलाराम आपणहून बोलू लागले. लहानपणी एका उन्हाळ्यात तलाव आटला होता. सारं गाव मासोळ्या धरायला चिखलात उतरलं होतं. पुंडलिक एवढासा. त्यानं एक मोठा मरळ धरला, तो हातातून सुटला, आणि त्याच्यामागं पुंडलिक चिखलात असा पडला की नुसते डोळे दिसत होते. सांगता सांगता तुलाराम हसले. किती तरी दिवसांनी त्यांचं हसणं दामिनी ऐकत होती. तिनं काही विचारलं नाही, नुसती ऐकत राहिली.

"आनि त्याले बाहेर ओढाले कोन उतरलं, मालूम? आपल्या मांगच्या घरचा तो..." ते थांबले. कपाळावर हात ठेवला. "तो उंच होता ना. काय बरं नाव त्याचं? जिभीवर हाये पाहा."

बस पुढे जात राहिली. ते बराच वेळ आठवत राहिले.

"जाऊ दे," शेवटी ते म्हणाले. "पुंडलिकले आठवलं असतं."