न उघडलेली पाच पत्रं

क्लिफ हार्डिंग नावाच्या माणसाला कैलास भोईरने कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, आणि तरी जन्मभर त्याचा दुस्वास केला होता. हे तो कुणाजवळ बोलला नव्हता. बोलणार तरी काय? ज्या माणसाने आपल्या बापाचा जीव वाचवला, त्याच्यावर आपण जळतो, असं कुणी सांगतं का?

कैलासचे वडील आनंदा भोईर अंबरनाथजवळच्या मोरिवलीचे. दुसऱ्या महायुद्धात ते खडकीच्या सॅपर पलटणीत, म्हणजे लष्कराचे पूल-रस्ते बांधणाऱ्या पलटणीत, भरती झाले. सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या हाती सापडले, आणि तिथून बोटीत कोंबून त्यांना हमालीसाठी न्यू गिनीच्या जंगलात नेलं. तिथे दोन वर्षं काढल्यावर चौघे जण पळाले. त्यातले दोघेच ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या एका तुकडीला सापडले. आनंदांना उभंही राहता येत नव्हतं. क्लिफ नावाच्या सैनिकाने त्यांना पाठीवर घेतलं आणि दोन दिवस चिखल तुडवत छावणीपर्यंत आणलं. गावाला एवढंच माहीत होतं आणि घरालाही एवढंच.

बाकीची हकिकत फक्त दोघांना ठाऊक होती. एक विष्णुपंत, आणि दुसरा समुद्रापलीकडचा तो क्लिफ. विष्णुपंत अंबरनाथला एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि त्यांचं इंग्रजी चांगलं होतं. आनंदा दर दिवाळीनंतर त्यांच्याकडे जायचे, मराठीत सांगायचे, विष्णुपंत ते इंग्रजीत उतरवायचे. क्लिफचं उत्तर आलं की तेही तिथेच वाचलं जायचं. कैलास लहान असताना वडिलांबरोबर जायचा, पण त्याला बाहेर पायरीवर बसवलं जाई. आतून वडिलांचा आवाज ऐकू यायचा. घरी दिवसभरात पाच शब्द बोलणारा माणूस आत तास तास बोलत असायचा. कधी हसायचा. एकदा तर कैलासला ते रडताना ऐकू आले. मग बाहेर येऊन म्हणायचे, "चल." आणि पुन्हा तोंडाला कुलूप.

घरात क्लिफचा फोटो होता. टोपीची एक कड वर दुमडलेली, पाठीमागे मेंढरं. कैलासची आई राजाबाई दसऱ्याला देवांना फुलं वाहायची, तेव्हा एक झेंडू त्या फोटोलाही लावायची. कैलासला ते खुपायचं. कंपनीत फिटर म्हणून लागल्यावर त्याने पहिला पगार वडिलांच्या हातात ठेवला. वडील "बरं" म्हणाले. त्याला मुलगा झाला, सुयोग, तेव्हा आनंदांनी नातवाचं तोंड पाहिलं, सदरा बदलला आणि विष्णुपंतांकडे निघाले. क्लिफला कळवायला. बाळंतिणीच्या खाटेजवळ उभा राहून कैलास त्यांच्या पाठीकडे बघत राहिला. आपल्यापाशी न बोललेलं सगळं त्या परक्या माणसाच्या वाट्याला जातंय, हे त्या दिवशी त्याच्या मनात पक्कं बसलं.

एक्क्याण्णव साली आनंदा गेले. विष्णुपंत आदल्याच वर्षी मुलाकडे पुण्याला राहायला गेले होते. दोन महिन्यांनी पोस्टमनने पोपटाच्या चित्राचं तिकीट लावलेलं पाकीट आणून दिलं. क्लिफला कळवायला हवं, हे कैलासला कळत होतं. कुणाकडूनही दोन ओळी लिहून घेता आल्या असत्या. त्याने पाकीट न उघडता वडिलांच्या ट्रंकेत टाकलं. बसू दे वाट बघत, असं त्याच्या मनात आलं, आणि त्या विचाराने त्याला बरं वाटलं. पुढच्या वर्षी दुसरं आलं, मग तिसरं. एकूण पाच आली. शहाण्णवनंतर आलं नाही.

ही गोष्ट पुन्हा वर आली ती सुयोगच्या मुलीमुळे. तेजस्वी उल्हासनगरला कॅम्प तीन भागात एका सिंधी शेटच्या जीन्सच्या कारखान्यात ऑफिस सांभाळायची. परदेशी गिऱ्हाइकांशी मेलवर बोलणं तिच्याकडेच. तिने पंधरा ऑगस्टला पणजोबांचा वर्दीतला फोटो सॅपर पलटणीच्या एका फेसबुक पानावर टाकला, खाली नाव आणि गाव लिहिलं. तीन आठवड्यांनी तिला ऑस्ट्रेलियाहून निरोप आला. हेलन हार्डिंग, क्लिफची मुलगी. नोव्हेंबरमध्ये भारतात येतेय, घरी आलं तर चालेल का?

तेजस्वीच्या अंगात वारंच शिरलं. रोज जेवताना ती नवीन काहीतरी सांगायची. क्लिफची डिव्हिजन आधी लिबियात लढली, मग ग्रीसमध्ये, तिथून क्रीट बेटावर गेली, मार खाऊन निघाली आणि शेवटी न्यू गिनीत आली. तिथे गोळीपेक्षा मलेरियाने जास्त माणसं आडवी झाली. घरी परतल्यावर ही माणसं वर्षातून एकदा, पंचवीस एप्रिलला, त्यांच्या सैनिक-स्मरणदिनी, पहाटे स्मारकापाशी जमायची आणि बाकी वर्ष गप्प राहायची.

"आबा, तुम्हाला माहीत होतं हे?" ती विचारायची.

कैलास म्हणायचा, "मला कोण सांगणार?" आणि ताटावरून उठायचा. आधी बाप, मग आई, आता नातही त्या माणसाच्या बाजूला गेली, असं त्याला वाटायचं. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी असं वाटणं शोभत नाही, हे कळत असूनही वाटायचं.

हेलन आली ती रविवारी सकाळी. तेजस्वीने तिला अंबरनाथ स्टेशनवरून रिक्षाने आणलं. ती बाहत्तर वर्षांची, उंच, उन्हाने भाजलेल्या हातांची बाई होती आणि एका गुडघ्याने लंगडत होती. तिने क्लिफच्या फोटोकडे पाहिलं आणि मग बराच वेळ आनंदांच्या. चहा झाला. तेजस्वी मधे बसून इकडचं तिकडे करत होती. हेलनने सांगितलं की तिचे वडील लढाईबद्दल घरात अवाक्षर काढत नसत. भारतातून पत्र आलं की मात्र खोलीचं दार लावून घ्यायचे. ती दाराबाहेर बसून राहायची.

"मला तुमच्या वडिलांचा राग यायचा," ती म्हणाली. "त्यांना मिळायचं ते मला मिळत नव्हतं. हा माणूस होता तरी कसा, ते बघायला आलेय."

तेजस्वीने ते मराठीत सांगितलं आणि कैलासने चहाचा कप खाली ठेवून पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. दुसऱ्या कुणाच्या तोंडून हे ऐकायला मिळेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मग हेलनने विचारलं, पत्रं बंद का झाली?

कैलासने आधी खोटंच सांगितलं. म्हणाला, बाबा वारले, पोस्टाचा काहीतरी घोळ झाला असेल. हेलनने मान हलवली. ती म्हणाली, तिच्या वडिलांना ते कळलंच नाही. ते रोज फाटकावरच्या पत्रपेटीपर्यंत चालत जायचे. आपण कधीतरी काही वावगं लिहिलं आणि आनंदाचं मन दुखावलं, असं त्यांनी धरून घेतलं होतं. सत्त्याण्णव साली ते गेले, तेही हाच घोर घेऊन.

तेजस्वी कैलासकडे बघत होती. शेवटी तो उठला, आतल्या खोलीत गेला, ट्रंक उघडली आणि पाचही पाकिटं आणून हेलनसमोर ठेवली.

"सांग तिला," तो तेजस्वीला म्हणाला. "पोस्टाचा घोळ नव्हता. मी ठेवली. मुद्दाम."

"आबा?"

"सांग."

तेजस्वीने सांगितलं. हेलनने पाकिटं उलटसुलट केली, चिकटवलेल्या कडांवरून बोट फिरवलं. मग उठून अंगणात गेली आणि आंब्याखाली पाठमोरी उभी राहिली. तेजस्वी तिच्यामागे जायला निघाली तर कैलासने तिला थांबवलं. पलीकडच्या कारखान्याचा भोंगा वाजून गेला. आता ती तशीच निघून जाईल, असं कैलासला वाटलं, आणि गेली असती तर त्याने दोष दिला नसता.

ती आत आली. पर्समधून चष्मा काढला आणि एकेक पत्र उघडून वाचायला लागली. तिसऱ्या पत्रापाशी ती एकदम हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. तेजस्वीने विचारलं, तेव्हा तिने वाचून दाखवलं आणि तेजस्वीने ते मराठीत सांगितलं. नवरा सोडून हेलन दोन मुलांना घेऊन माहेरी परत आली होती, त्या वर्षीचं ते पत्र होतं. क्लिफने लिहिलं होतं, 'मेंढ्यांचं सगळं आता हेलन बघते. माझ्यापेक्षा चांगलं बघते. तिला मी हे सांगितलेलं नाही. सांगितलं तर म्हातारा भ्रमिष्ट झाला म्हणून ती डॉक्टरला बोलावेल.'

कैलास तिच्या तोंडाकडे बघत होता. बाहत्तर वर्षांच्या बाईला बापाने दिलेली शाबासकी मिळाली होती, आणि ती तीस वर्षं त्याच्याच घरात बंद पडून होती. त्याला लाज वाटायला हवी होती, वाटतही होती. पण त्याच्या खाली तीच जुनी आग होती. हिला मिळालं, आपल्याला काय?

पाचवं पत्र फक्त चार ओळींचं होतं. हेलनने ते वाचलं आणि तेजस्वीच्या हातात दिलं, त्यांना वाचून दाखव म्हणाली. तेजस्वीने थांबत थांबत मराठी केलं. 'मित्रा, रागावला असशील तर कशाबद्दल ते कळव. नसशील तर नुसता कोरा कागद पाठव. तू आहेस एवढं मला कळेल.'

कैलासने हात जोडले. इंग्रजीत माफीचा एकच शब्द त्याला येत होता, 'सॉरी', तो त्याने म्हटला. हेलनने त्याचे जोडलेले हात खाली केले.

"माफ करायचं ते माझ्या वडिलांनी," ती म्हणाली. "त्यांच्या वतीने मी नाही करू शकत. पण मी इथून रागावून जाणार नाही."

मग तिने पिशवीतून एक जाड फाईल काढली. आनंदांची सगळी पत्रं होती त्यात, सत्तेचाळीसपासूनची, विष्णुपंतांच्या वळणदार अक्षरातली. क्लिफने एकही टाकलं नव्हतं. ही इथलीच आहेत, असं म्हणून तिने फाईल कैलासच्या मांडीवर ठेवली. त्याने पहिलं पान उघडलं, काळी अक्षरं बघितली आणि फाईल तेजस्वीकडे सरकवली.

"माझं नाव कुठे आहे का बघ."

तेजस्वी बराच वेळ पानं उलटत राहिली. सापडलं ते एकसष्ट सालच्या पत्रात. 'मागच्या महिन्यात मी माझ्या कैलासला मारलं. त्याने ताटातला भात कोंबड्यांपुढे टाकला. चिंचेची फोक मोडेपर्यंत मारलं. क्लिफ, तुम्ही आम्हाला शोधलंत तेव्हा आम्ही डब्यात कमरेचा कातडी पट्टा खायला म्हणून उकळत होतो, ते तू पाहिलंस. नऊ वर्षांच्या पोराला हे कसं सांगू? आता तो मला बघून भिंतीला चिकटतो. ते मला सहन होत नाही.'

कैलासला तो मार चांगला आठवत होता. पाठीवर आठ दिवस वळ होते. आपण बापाला नकोसे आहोत म्हणून मारलं, असं समजून तो चालला होता, आजपर्यंत. त्याने पंच्याने तोंड पुसलं.

"मला का नाही सांगितलं?" तो म्हणाला. "मी मोठा झालो होतो की नंतर. संसार केला, पोरं झाली. तेव्हा सांगायचं. त्याला सांगितलं, मला का नाही?"

तेजस्वीने ते हेलनला सांगितलं. हेलन म्हणाली, "मला माहीत नाही. मीही हेच विचारत आले."

दुपारी ती जेवायला थांबली. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं होतं. तिने ताट स्वच्छ केलं, कैलासनेही. निघताना तिने क्लिफची पाच पत्रं पर्समध्ये ठेवली आणि आनंदांच्या फोटोला, कैलासची आई देवांना करायची तसाच, वाकून नमस्कार केला. तो तिला कुणी शिकवला नव्हता, तेजस्वीने आधी केला, तो बघून तिने केला. रिक्षा वळेपर्यंत कैलास दारात उभा होता.

त्या दिवसापासून तेजस्वी दर रविवारी त्याला दोन-तीन पत्रं वाचून दाखवते. काही पत्रांत नुसता भात, पाऊस आणि बैल असतात, ती त्याला आवडतात. काहींत न्यू गिनी असते, ती ऐकताना तो कधी मधूनच उठून अंगणात जातो. जळणं काही गेलं नाही. आनंदांनी बऱ्याच पत्रांत लिहिलंय की तुझ्याइतकं जवळचं मला या जगात कुणी नाही, आणि ती ओळ आली की तेजस्वीचा आवाज आपोआप खाली येतो. एकदा तिने ती गाळूनच पुढे वाचलं. कैलासच्या ते लगेच लक्षात आलं.

"मागे जा," तो म्हणाला. "नीट वाच. लिहिलंय ते लिहिलंय."