सरपंचबाईंचा पासवर्ड

निवडून आली होती पुष्पावती, पण गाव सरपंच म्हणायचं ते तिच्या नवऱ्याला. सत्काराच्या शाली कानिफनाथच पांघरायचा. ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर बायकोच्या नावानं लॉगिन करून ठरावही तोच ठोकून द्यायचा. पासवर्ड ब्राउझरनं जपून ठेवलेला, त्यामुळे गड्याला डोकं चालवावं लागत नव्हतं. ते गावाच्या दृष्टीनं बरंच होतं म्हणा.

आता नव्या अंगणवाडीची जागा पोर्टलवर भरायची होती. पुष्पावतीला ती शाळेजवळ हवी होती. कानिफनाथानं मात्र दोस्ताला, वाल्मिकला, शब्द दिलेला: त्याच्या बियर बारला खेटून. म्हणजे इकडे पोरं गमभन गिरवणार आणि पलीकडून चकण्याचा वास! पुष्पावतीचं डोकंच फिरलं.

त्यातच महिला सरपंचांचं प्रशिक्षण झालं. आरती मॅडमनी बजावलं, "ब्राउझरमधले पासवर्ड उघडे ठेवू नका, त्यांच्यावर एक मुख्य पासवर्ड लावा. स्वतःचं नाव मात्र नको. चोर आधी तेच टाकून बघतो." पुष्पावतीनं सगळं वहीत उतरवलं आणि शनिवारी, नवरा काष्टीच्या बाजारला गेल्यावर, कुलूप घातलं.

सोमवारी शेवटची तारीख. कानिफनाथ ऐटीत खुर्चीत बसला, शेजारी वाल्मिक. स्क्रीननं मुख्य पासवर्ड मागितला.

"हे काय नवं खूळ?"

त्यानं स्वतःचं नाव टाकलं. आईचं टाकलं. पोराचं, मग शर्यतीच्या बैलाचं, मग कुलदैवताचं. वाल्मिकनं बारचं नाव सुचवलं, तेही झालं. चार वाजता त्यानं निमूट फोन लावला.

"अगं ए, काय टाकलंय?"

"येते. तुमी खुर्चीतनं उठा."

ती आली, बसली. "तोंडं फिरवा तिकडं. वाल्मिकभाऊ, तुमीबी."

दोघं भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. समोर आजवरच्या सरपंचांच्या नावांचा बोर्ड होता, शेवटचं नाव ताज्या रंगात. मागे तिनं जागा भरली: शाळेजवळ. पाठवून दिलं.

"झालं. वळा आता."

"लई अवघड ठेवलाय गं," कानिफनाथ घाम पुसत म्हणाला. "आमी घरातल्या समद्यांची नावं टाकून बघितली."

"समद्यांची?" तिनं विचारलं. त्याला काही कळलं नाही.

मॅडम हुशार होत्या, पण त्या या घरात नांदल्या नव्हत्या. पुष्पावतीनं बिनधास्त पुष्पावतीच ठेवलं होतं.